डोळ्याच्या कोपऱ्यात उरलेला लाल रंग

"ही कोणती झेंडी?" रेल्वेच्या डॉक्टरांनी फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून विचारलं.

"हिरवी!" मी छाती काढून सांगितलं. कर्जतहून घाट चढणाऱ्या मालगाड्यांचा मी गार्ड. मला झेंडी विचारणं म्हणजे कोळणीला बोंबील दाखवून नाव विचारणं!

"आता त्या पाण्याच्या टाकीकडे नजर लावा. झेंडी नुसती कोपऱ्यातून बघा."

बघितली, आणि अंगावर सर्रकन काटा आला. झेंडी लाल होती! सरळ पाहिलं की मळकट फडकं, नजर वळवली की ओलं कुंकू. माझ्याच डोळ्यांत कुणा गारुड्याने खेळ मांडला होता.

खरं तर खुणा आधीच दिसत होत्या. भर उन्हात माणसांचे चेहरे धुरकट व्हायचे. लेकीच्या डोहाळजेवणासाठी कडावच्या कासाराकडून मी ऐटीत स्वतः चुडा निवडून आणला, तर बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "आवो, डोहाळजेवनाला हिरवा चुडा लागतो. ह्यो लाल कशापायी? येवडं बी कळत नाय?" मी खापर कासारावर फोडलं.

मग झेंड्यांचं कसं निभत होतं? लाल डाव्या हातात, हिरवी उजव्या. हातांना सवय होती. डोळ्यांना विचारतो कोण? पण घाटात समोरून मला कुणी लाल दाखवली असती तर? पुढे डबे, खाली दरी.

डॉक्टरांनी दवाखान्यात नेऊन समजावलं. "उजेड लाटांनी येतो. तांबड्याच्या लाटा लांब, निळ्याच्या आखूड, हिरव्याच्या मधल्या. डोळ्यामागच्या पडद्याला रेटिना म्हणतात. त्यावर कोन्स, म्हणजे शंकूसारख्या पेशी असतात. कुणी एका लाटेने जास्त जागी होते, कुणी दुसरीने. त्यांचे निरोप जुळवून मेंदू रंग ओळखतो. तुमच्या नजरेच्या मधोमध तांबड्या-हिरव्याचा निरोप पोचत नाही. याला टोबॅको अँब्लिओपिया म्हणतात. तंबाखूने मंदावलेली नजर."

"पण साहेब, तंबाखू मी तोंडात घालतो, डोळ्यांत नाही!"

डॉक्टर हसले नाहीत. "सोडा. रंग परतले तर गाडी. नाही तर गोदामात पोती मोजा."

घरी सगळं ऐकून बायकोने माझी चंची उचलली आणि थेट उल्हास नदीत भिरकावली. "आता मासं आंधळं व्हतील," ती म्हणाली, "पन तुमी नाय."

पुढचे महिने वाईट गेले. घाटाकडे निघालेल्या इंजिनाची शिट्टी ऐकली की जीव कासावीस व्हायचा. तोंड तर रिकाम्या डब्यासारखं खडखडे. मग एकदा जेवताना ताटातल्या दोन मिरच्यांतली एक किंचित तांबूस वाटली. कुणाला बोललो नाही. दृष्ट लागेल म्हणून!

पुन्हा तोच फलाट, तेच डॉक्टर. मी खोडी ठरवूनच गेलो होतो. रंग दिसला तरी "निळी!" म्हणून त्यांची फजिती बघायची. झेंडी वर गेली. मी सरळ तिच्याकडे पाहिलं. नाकासमोर, मधोमध, लालभडक!

"लाल," मी म्हणालो. खोडीबिडी कुठल्या कुठे गेली. डोळ्यांना धार लागली आणि झेंडी हलू लागली, पण लालच राहिली.

तंबाखूच्या बहाद्दरांनो, जग मळकट दिसू लागलं तर धोब्याला आणि कासाराला बोल लावू नका. आधी डॉक्टर गाठा. तो लाल चुडा माझी बायको अजून हौसेने घालते, आणि चूल फुंकताना तिच्या हातांकडे मी सरळ, टक लावून बघत बसतो.