मालकासमोर न निघालेला भैताड

हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातले आमचे फोरमनकाका सगळ्यांना भैताड म्हणतात. काका आणि मी दोघंही नागपूरकडचे; आमच्याकडे भैताड म्हणजे वेडपट, मायेनं रागावायचा शब्द. मी हेल्मेट विसरलो की, "अबे भैताड, डोस्कं काय भाड्यानं आणलं का बे?" म्हणत स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवतात.

परवा मालकानं वेल्डरला सेफ्टी बेल्टशिवाय शेडच्या छपरावर चढवलं, तेव्हा हेच काका खाली मान घालून "जी सर, जी सर" करत होते. वेल्डर धड उतरला, हे त्याचं नशीब. माझं डोकं मात्र फिरलं.

काल चहाच्या वेळी त्यांनी हाक मारली, "ये भैताडा, चहा थंडा होऊन राहिला."

"काका, मालकासमोर कुठी गेला होता हा शब्द?"

त्यांनी कप खाली ठेवला. आज सकाळपासून ते मला अहोजाहो करतात.

करू देत.