माळ्यावर चढवलेली पुस्तकं

राजूरच्या पुढे तीन तास डोंगर चढला की ते गाव लागायचं. मी तिथे मास्तर म्हणून गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नगरच्या भर पेठेत वाढलेला, त्यामुळे चढाची सवय नव्हती आणि पावसाची तर मुळीच नाही. जर्मनीची दुसरी लढाई चालू होती. शिकलेली बरीच मुलं फौजेतल्या कचेऱ्यांत लागत होती. मला डोळ्यांमुळे तिथे घेतलं नाही, म्हणून मी मास्तरकी धरली. त्यात ध्येयबिय काही नव्हतं.

शाळा म्हणजे देवळाला लागून काढलेली एक खोली. पटावर चौदा मुलगे आणि दोन मुली, त्याही सख्ख्या बहिणी. चौथीपर्यंत शिकवायचं आणि मग मुलगा नांगरामागे जायचा. हे असंच चालत आलं होतं आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पहिल्याच श्रावणात एक पंचविशीचा माणूस पोस्टकार्ड घेऊन आला. त्याचा धाकटा भाऊ फौजेत होता.

"मास्तर, येवडं वाचून सांगा."

मी वाचलं. भाऊ खुशाल होता, त्याला बूट मिळाले होते, आणि तांबड्या बैलाला विकू नका असं त्यानं दोनदा लिहिलं होतं. कार्ड परत देताना मी सहज म्हणालो, "शाळेत गेला असतात तर स्वतः वाचलं असतंत."

"गेल्तो की. ह्याच शाळंत. चौथी पास हाय मी."

"मग?"

"इसरलो. चौथी झाली, पुस्तक धाकल्याला दिलं. फुडं वाचाया काय हुतं हितं? रान पडीक टाकलं का गवत माजतं, तसंच की."

तो हे लाजून सांगत नव्हता. बांध फुटला, बैल गेला, असं सांगावं तसं सांगत होता. मीच ओशाळलो. मग मी गावात चौकशी केली. मुलांची शाळेची पुस्तकं सोडली तर छापलेला कागद फक्त पाटलाच्या घरी होता, तो म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं पंचांग. म्हणजे मी आणि माझ्याआधीचे मास्तर जे शिकवत होतो, ते दोन-तीन वर्षांत पुसलं जात होतं.

दिवाळीच्या सुट्टीत नगरला आलो आणि पिशवी घेऊन ओळखीच्या घरी फिरलो. लोकांनी मोकळ्या हातानं दिलं, पण घरातली अडगळ काढायला माणूस आयता दारात आला आहे, अशा थाटात. जुनी पंचांगं मिळाली. पहिली चाळीस पानं नसलेली गोष्ट मिळाली. कोंबड्या कशा पाळाव्यात यावर एक पुस्तक मिळालं. आमच्या गल्लीतल्या वकिलांनी कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ हातावर ठेवला. मी नको म्हणालो तर म्हणाले, "का? डोंगरात भांडणं नसतात?"

पाचव्या दिवशी एका बाईंकडे गेलो. मुलींच्या शाळेत त्या शिकवत असत. पन्नाशी उलटलेली, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, आणि त्या दोन खोल्यांत पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं. त्यांनी मला बसवलं आणि परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "वाचणार कोण तिथं?"

"मुलं वाचतील. आणि चौथी शिकून विसरलेली मोठी माणसं."

"मुली किती?"

"दोन."

"दोनच?"

बाई उठल्या, कपाट उघडलं आणि एकेक पुस्तक काढायला लागल्या. प्रत्येक उघडायचं, दोन ओळी मनाशी वाचायच्या आणि मग ते डावीकडच्या ढिगात ठेवायचं किंवा परत कपाटात. सबंध दुपार गेली. डावीकडे बत्तीस पुस्तकं झाली. शेवटी त्यांनी एक मोठं, कापडी बांधणीचं पुस्तक काढलं. त्यात पक्ष्यांची रंगीत चित्रं होती. त्यांच्या भावानं ते कधीतरी पाठवलं होतं आणि भाऊ आता नव्हता. ते त्यांनी कपाटात ठेवलं, पुन्हा काढलं आणि ढिगावर ठेवलं.

"हे मात्र जपा," त्या म्हणाल्या.

सगळी पुस्तकं एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि दोन पोत्यांत भरून, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं, चढाला खाली उतरून ढकलत, मी बाजाराच्या दिवशी राजूरला पोचलो. आमच्या गावची माणसं बाजाराला आलेली होती. तो पोस्टकार्डवाला माणूसही होता. त्यानं ओझं पाहिलं आणि पोती सोडून पुस्तकं वाटायलाच सुरुवात केली. कुणाच्या मिठाच्या गाठोड्यावर चार, कुणाच्या पाटीत सहा. एका म्हाताऱ्यानं पाच पुस्तकं घेतली आणि पायातलं पायताण काढून कमरेला बांधलं.

"पोथी हाय ती. पायताण घालून कशी न्यायाची?"

"बाबा, पोथी नाही, तुमच्याकडे ते कोंबड्यांचं पुस्तक आहे."

"आसंना का," असं म्हणून तो तीन तास अनवाणी चढला.

वर पोचल्यावर मी पुस्तकं मोजली. एकही कमी नव्हतं.

पुस्तकांना घर पाहिजे, असं पाटीलच म्हणाला. माघात शाळेला टेकून एक खोली काढली. भिंतींना कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर. घरटी एक माणूस आळीपाळीनं येत होता. अकरा दिवस लागले, त्यातले तीन नुसती माती तुडवण्यात गेले. एका मोडक्या दाराच्या फळ्या काढून मांडणी केली. एका गोष्टीवर मात्र माझं आणि त्यांचं जमेना. मला खिडकी हवी होती, चांगली मोठी, वाचायला उजेड यावा म्हणून, आणि ती पश्चिमेला, कारण तिकडून दरी दिसायची.

पोस्टकार्डवाला म्हणाला, "मास्तर, त्या अंगानं पाऊस येतो."

"फळी लावू की."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मी सांगितलं तशी खिडकी ठेवली. मास्तर शिकलेला होता ना.

सोमवारी बैलांना विसावा असे. त्या दुपारी पोस्टकार्डवाला येऊन बसायचा आणि बोट ठेवून वाचायचा. सुरुवात त्यानं पहिलीच्या पुस्तकापासून केली. शेजारी सात वर्षांची पोरं तेच पुस्तक वाचत असत, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. वैशाखात भावाचं दुसरं कार्ड आलं ते त्यानं स्वतः वाचलं. फक्त एक शब्द अडला. तो विचारायला आला तेव्हा कार्ड मला पूर्ण दाखवलं नाही, अंगठ्यानं बाकीचं झाकून तेवढा शब्द दाखवला. ते मला फार आवडलं.

त्या दोन बहिणी पुस्तकं घरी न्यायच्या. त्यांची आई शाळेचा उंबरा कधी चढली नव्हती. दळताना, निवडताना ती पोरींना मोठ्यानं वाचायला लावायची. मी तिला मावशी म्हणत असे. एकदा पाणवठ्यावरून येताना तिनं मला थांबवलं.

"मास्तर, ते कोंबड्यांचं पुस्तक ऐकलं. समदं खरं हाय, पन ते आमाला ठावं हाय. आमाला ठावं न्हाई आसलं कोन्त्या पुस्तकात हाय?"

दुसऱ्या दिवशी मी पोरींबरोबर एक प्रवासाचं पुस्तक पाठवलं. त्यात समुद्र होता. ते त्या घरात महिनाभर राहिलं.

पक्ष्यांचं पुस्तक मात्र मी कुणाला दिलं नाही. बाईंनी जपायला सांगितलं होतं. ते आणि आणखी तीन चांगली पुस्तकं मी ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं होतं. कधीमधी काढायचो, मुलांना लांबून चित्रं दाखवायचो आणि परत ठेवायचो.

आषाढात पाऊस म्हणजे काय ते मला कळलं. नगरला आम्ही पावसाची वाट पाहतो. इथे तो आठवडा आठवडा थांबतच नव्हता. अंगातले कपडे वाळत नव्हते. त्यातच मला हिवताप भरला. चार माणसांनी मला डोलीत घालून राजूरला उतरवलं, तिथून कुणीतरी नगरला पोचवलं. पाच आठवडे मी अंथरुणात होतो. भादव्यात परत चढून आलो आणि पहिलं काम म्हणजे पुस्तकांच्या खोलीचं दार लोटलं.

मांडणी रिकामी होती. एकही पुस्तक नव्हतं. खिडकीखालचा कूड पाण्यानं फुगला होता आणि त्यातून गवत वर आलं होतं. कोपऱ्यात ट्रंक तेवढी होती.

माझं डोकं फिरलं. बाजारात पुड्या बांधायला रद्दीला बरी मागणी असते, हे मला माहीत होतं. तसाच पाटलाच्या ओसरीवर गेलो.

"शाळेची पुस्तकं होती ती! कुणी विकली?"

पाटील सुतळी वळत बसला होता. "आदी बसा मास्तर. चढून आलाय."

"बसत नाही. पुस्तकं कुठं आहेत?"

त्यानं पोराला हाक मारून मावशीला बोलावणं पाठवलं. ती डोक्यावर इरलं घेऊन, चिखलाच्या पायांनी, शेतातून तशीच आली. माझा प्रश्न तिनं ऐकून घेतला.

"इकतंय कोन? चला, दावते."

तिच्या घरात चुलीवर माळा होता. ती शिडीवर चढली आणि मला वर ये म्हणाली. धुरानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी दिसलं. बियाण्यासाठी राखलेल्या नागलीच्या कणसांच्या जुड्या, भोपळ्याच्या बिया, आणि त्यांच्या शेजारी बांबूच्या तट्ट्यावर ओळीनं उभी केलेली आठ पुस्तकं. कडा पिवळ्या-तपकिरी झालेल्या, पण पानं कोरडी ठणठणीत.

"तुमी गेला त्याच्या तिसऱ्या दिशी पोरी सांगत आल्या, पुस्तकावर पांडरं चढलंय. मी जाऊन बघितलं. समदी फडक्यानं पुसली आनि ज्यांच्या चुली रोज पेटत्यात आशा सात घरात वाटली. बी ऱ्हातं तितं पुस्तक न्हाई ऱ्हायाचं?"

"मला विचारायचं तरी."

"कुनाला इचारू? तुमी तापात बडबडत गेल्ता."

त्या दिवशी मी सातही घरं फिरलो. सगळी पुस्तकं होती. वकिलांचा कायदासुद्धा एका माळ्यावर धूर खात बसला होता. दोन घरांतली तरुण मंडळी माळ्यावरची पुस्तकं उतरवून वाचतही होती. पाऊस असला की दुसरं काम नसतं.

मावशी माझ्याबरोबर पुस्तकांच्या खोलीपर्यंत आली. "ती पेटी तेवडी ऱ्हायली," ती म्हणाली. "तिला कुलूप हुतं."

किल्ली माझ्या खिशात होती, पाचही आठवडे होती. कुलूप गंजलं होतं, दगडानं ठोकून काढावं लागलं. आतून जो वास आला तो अजून विसरलेलो नाही. चारही पुस्तकांचा लगदा झाला होता. पक्ष्यांच्या पुस्तकाचं एक पान सोडवायला गेलो तर पान निघालं नाही, एका निळ्या पंखाचा रंग तेवढा बोटाला लागून आला.

मावशीनं वाकून पाहिलं. "कुलूप कशापाई घातलं हुतं?"

"जपायला," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. कुणापासून जपायला, हे उरलेलं अर्धं तिला सांगायची गरज नव्हती. तिनं इरलं डोक्यावर घेतलं आणि शेताकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाकडे गेलो. "मी काल विकली म्हणालो, ते चुकलं माझं."

"ताप उतरला तरी मानूस चार दिस तसंच बोलतं," तो म्हणाला आणि सुतळी वळत राहिला.

दिवाळीत नगरला गेलो तेव्हा बाईंना जाऊन सांगितलं. काही लपवलं नाही, कुलपाचंही सांगितलं. त्या मला समजून घेतील अशी माझी कल्पना होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे पत्रानं कळवलं असतंत तर बरं झालं असतं. तुमच्यासमोर मला काही बोलता येत नाही." चहा केला, तो दोघांनी घेतला. त्यानंतर त्यांच्याकडे मी पुस्तक मागितलं नाही आणि त्यांनीही दिलं नाही. जे झालं ते असं झालं.

ती खिडकी आम्ही त्याच वर्षी बुजवली आणि पूर्वेला लहान काढली. पुढच्या साली मृग लागायच्या आत, मी काही सांगायच्या आधी, सात घरची माणसं येऊन आपापली पुस्तकं घेऊन गेली. "आपापली" हा त्यांचाच शब्द. पावसाळाभर पुस्तकं माळ्यावर, दिवाळीनंतर मांडणीवर, असा रिवाज पडला. पुस्तकं दरवर्षी थोडी अधिक काळी होत गेली. तपासणीला आलेले साहेब एक पुस्तक नाकाशी नेऊन म्हणाले, "मास्तर, आग लागली होती का?" मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला कळलं नाही.

मी तिथे चार वर्षं होतो. मग राहात्याकडे बदली झाली, सपाट मुलखात. निघालो तेव्हा त्या दोन बहिणींतली थोरली चौथी पास होऊन वर्ष झालं होतं. हिरड्याचे दिवस होते. बायका मावशीच्या अंगणात बसून हिरडे फोडत होत्या आणि ती पोर मध्ये बसून वाचत होती. हातोडीचा आवाज वाढला की तीही आवाज वाढवायची. मी रामराम करायला गेलो तेव्हा मावशीनं हातानंच थांबायची खूण केली. प्रकरण संपायला दोन पानं होती. ती संपेपर्यंत मी दाराशी उभा राहिलो.