बेथ-शेमेश, मुक्काम जठारपेठ

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. चार माणसं बसतात, बोलतात, उठून जातात, आणि मागे काहीतरी पडून राहतं. हळूहळू त्याचं टेकाड होतं.

आमचं टेकाड अकोल्यात, जठारपेठेतल्या माझ्या बैठकीत आहे. माझे यजमान कॉलेजात इतिहास शिकवायचे. बेथ-शेमेश हे प्राचीन इस्राएलचं सीमेवरचं गाव. एकीकडे यहूदाचं राज्य, दुसरीकडे त्यांचे शत्रू पलिष्टी. या गावाने त्यांना वेड लावलं होतं. एका हाताशी बायबल, दुसऱ्या हाताशी उत्खननाचे अहवाल, असं दर रविवारी वाचन चाले. ते गेले, त्याला वर्ष होत आलं. वाचन चालू आहे. माझ्या धाकट्या दिरांना ते पसंत नाही. त्यांना बैठक भाड्याने द्यायची आहे.

पहिल्या रविवारी यांनी नावाचा अर्थ सांगितला, "सूर्याचं घर."

भाजीचा मळा करणारे दामूभाऊ म्हणाले, "मंग सिद्धं अकोला म्हना ना, सर."

*

गाव कोणाचं, हे कचऱ्यातल्या हाडांवरून कळतं. पलिष्ट्यांच्या गावांत डुकराची हाडं निघाली, बेथ-शेमेशला जवळजवळ नाहीतच. म्हणजे सीमा ताटातून जात होती.

हे ऐकून नलूताई गंभीर झाल्या. त्या अमरावतीहून येतात, भूगोलाच्या निवृत्त बाई, शाकाहारी घरातल्या.

"मी अंड्यांची टरफलं शेजारच्यांच्या डब्यात टाकते," त्या म्हणाल्या. "पुढेमागे कोणी खणलं, तर बिचाऱ्यांचं नाव जाईल."

*

पलिष्ट्यांनी पळवलेला पवित्र कोश, म्हणजे इस्राएलच्या देवाच्या आज्ञांची पेटी, परत पाठवला, तो दोन दुभत्या गाईंच्या गाडीवरून. वासरं घरी कोंडलेली. गाई हंबरत राहिल्या, पण वळल्या नाहीत, सरळ बेथ-शेमेशला आल्या. तिथल्या लोकांनी आनंदाने गाडी फोडून तिची लाकडं पेटवली आणि गाईंचा बळी दिला.

दामूभाऊ उठले. "गाई कोनी जुंपते का? अन् वरून कापल्या. मी नाई आयकत." ते व्हरांड्यात जाऊन बसले.

अध्याय संपला तेव्हा खिडकीतून आवाज आला, "वासरायचं काय झालं?"

नलूताईंनी पुढचं पान पाहिलं, मागचंही पाहिलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

*

मागच्या रविवारी दीर आले.

"वहिनी, दादा गेला. आता त्या गावाशी आपलं काय काम? बैठकीला भाडेकरू बघितलाय मी."

"बैठक रिकामी नाही, भाऊजी. बसा."

ते बसले. नलूताई वाचत होत्या. अश्शूर साम्राज्याच्या सैन्याने गाव उद्ध्वस्त केलं. तरी काही माणसं परत आली, खडकातलं पाण्याचं टाकं साफ केलं, राहू लागली. मग कोणीतरी तेच टाकं मातीने गच्च बुजवलं, पुन्हा कोणी तिथे राहू नये म्हणून. कोणी बुजवलं, यावर विद्वानांत एकमत नाही.

"शत्रूनेच असणार," भाऊजी म्हणाले.

दामूभाऊंनी बशीतला चहा संपवला.

"शत्रू कायले एवढी माती वाहीन? हे भावकीचं काम हाय."

भाऊजी माझ्याकडे पाहत राहिले.

"नलूताई," मी म्हटलं, "पुढचं पान."