नावाचा कॉलम

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कंपनीतल्या मैत्रिणी असलं काही सांगायला लागल्या की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते झालं.

सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथं मी रिपोर्ट बनवते. विभागावर क्लिक केलं की मशीन उघडतात, मशीनवर क्लिक केलं की माणसं. कुठला कॉलम किती रुंद, कुठला आधी, हे सगळं मला माझ्याआधी रिपोर्ट बनवणाऱ्या शकीलभाईंनी शिकवलं. मी पहिल्यांदा नावाचा कॉलम बारीक केला, तर ते शेजारी खुर्ची ओढून बसले.

"बेटा, वर सगळे आकडेच हायत. शेवटच्या क्लिकला माणूस येतो की. त्याचं नाव अर्धं कापू नको."

गेल्या थंडीत शकीलभाई गेले. झोपेतच.

नंतर नवे मॅनेजर आले. त्यांना सगळं मोबाईलवर एका नजरेत हवं होतं. कामगाराचा टोकन नंबर काढून टाका, नाव छोटं करा म्हणाले. मी केलं, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नावाचा कॉलम पुन्हा रुंद! वाटलं, सेव्ह करायचं राहिलं असेल. परत केलं. पुढच्या आठवड्यात परत तेच.

मग तो शुक्रवार. शिलाई विभागाचा खराब माल वाढला होता. मॅनेजरांनी आदल्या दिवशी मोबाईलवर पाहिलं होतं – 'लक्ष्मीबाई नरस' अशा दोन ओळी. एकाच मशीनवरच्या ह्या दोन नोंदी एकाच बाईच्या असं धरून त्यांनी दोन्हींचा खराब माल एकत्र केला आणि तिला कामावरून कमी करायचं ठरवलं. पत्रही टाईप झालं होतं. मीटिंग अकराची. पावणेअकराला मी रिपोर्ट तपासला, कॉलम बारीकच होता. हे मी शपथेवर सांगते.

अकरा वाजता भिंतीवरच्या स्क्रीनवर मॅनेजरांनी स्वतः क्लिक केलं. शिलाई... मशीन... आणि माणसं उघडली. नावाचा कॉलम अर्धा स्क्रीन व्यापून बसला होता.

लक्ष्मीबाई नरसय्या कोडम.
लक्ष्मीबाई नरसय्या बोगा.

"साहेब, ह्या दोघी हायत," सुपरवायझर हळूच म्हणाले. "येगयेगळ्या."

वेगवेगळं धरलं तर दोघींचाही खराब माल मर्यादेच्या आतच होता. मॅनेजरांनी पत्र फाडलं आणि ते माझ्याकडे वळले.

"लेआउट तुम्ही बदलला?"

"नाही, सर."

बदल कुणी केला ते रिपोर्टच्या मागे नोंदलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत मी उघडून पाहिलं. वेळ दहा बावन्न. नाव शकीलभाईंचं. त्यांचा लॉगिन ते गेले त्याच आठवड्यात मी स्वतः अर्ज करून बंद केला होता. मला भीती नाही वाटली. डोळे तेवढे भरून आले. पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, जुनं सेटिंग कुठंतरी अडकलं असेल. पण नोंदीतली वेळ तर त्याच दिवशीची होती. नावाचा कॉलम बारीक करायला मात्र मला नंतर कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये कोडम लक्ष्मीबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मॅडम, मोठ्या पडद्यावर माजं नाव आलतं म्हनं?"

"हो."

"सगळं? आडनावासकट?"

"सगळं."

त्यांनी पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "इतकी वर्सं काम करते हितं. लक्ष्मीच म्हनतेत सगळे."