पहिली विचारणा कोणाची

आमच्याकडे नवीन काही सुरू करायचं म्हटलं की आधी मानाचं ठरतं, काम नंतर. बोअरचा नारळ कोणी फोडायचा यावरून भावकीतली दोन घरं अजून एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. त्या बोअरला पाणी लागलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वालूरला माझं इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करायचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात काकूची अंडी उबवायची पेटी बंद पडली. पेटीत एक बल्ब असतो आणि ऊब सारखी राहावी म्हणून त्याला चालू-बंद करणारं कार्ड. त्या कार्डावरचा तीन पायांचा एक भाग जळाला होता. त्याच्या पाठीवरचा नंबर परभणीच्या होलसेलवाल्यालाही माहीत नव्हता. अंड्यांतून पिल्लं निघायला थोडेच दिवस राहिले होते. काका पहिल्यापासून म्हणत होते, "गावातल्या कोंबड्या मेल्या का? पेटीत कुठं पिल्लं व्हायलेत!" अंडी वाया गेली तर पेटी माळ्यावर, असंही त्यांनी जाहीर केलं होतं. काकूने स्वतःच्या मनाने घरात आणलेली ही पहिलीच वस्तू. तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

मी एका एपीआयबद्दल वाचून ठेवलं होतं. म्हणजे जगभरच्या इलेक्ट्रॉनिक भागांची कुंडली कुठल्यातरी दूरच्या कंप्युटरवर असते. आपल्या कंप्युटरने नंबर पाठवला की तो भाग कसला आणि त्याच्या जागी दुसरा कोणता चालेल, हे उत्तर येतं. काकांच्या ओसरीवर लॅपटॉप मांडला, नोंदणी केली, गुप्त संकेत मिळाला, सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवला. त्यात नमुन्यादाखल एका साध्या रेझिस्टरचा नंबर होता. फुकटात दिवसाला मोजक्याच विचारणा करता येतात, हेही वाचलं. मग काकांना बोलून गेलो, "आज पहिल्यांदाच विचारणार आहे." तिथंच घात झाला.

"पहिल्यांदा? आन असंच, कोणाला न सांगता?"

घटकाभरात ओसरी भरली. काकांनी टोपी घालून लॅपटॉपचं बटण दाबलं. रेझिस्टरची माहिती आली, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मग पोलीस पाटलांनी दाबलं. निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा पुसून दाबलं. काकांनी दाबलं म्हटल्यावर बोअरच्या भांडणातल्या दुसऱ्या घराने दाबायलाच हवं होतं, आणि त्यांनी दाबल्यावर काकांनी पुन्हा. तो बिचारा दूरचा कंप्युटर दर वेळी तोच रेझिस्टर तितक्याच अदबीने सांगत होता. मी ओरडत होतो की प्रत्येक दाबणं मोजलं जातं.

"मोजू दे की! आपुन काय चोरी करायलोत?" काका म्हणाले.

शेवटी मी काकूच्या पेटीतल्या भागाचा नंबर टाकला आणि उत्तराच्या जागी इंग्रजीत एक ओळ आली. हेडमास्तरांनी ती मोठ्याने वाचली आणि अर्थ सांगितला, "ते म्हणायलेत, लय विचारलं, आता उद्या या."

"त्यायला सांगा, घरात अंडी हायत," काका म्हणाले.

पिठाचे हात तसेच घेऊन काकू दारात उभी होती. इतकं संतापलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "झाला समद्यांचा मान? बटन दाबायची लय हौस हाय ना? मंग चला, तुमाला दुसरं बटन देते."

तिने माझ्याकडून बल्ब थेट बटणाला जोडून घेतला आणि मानकऱ्यांना पेटीपुढे बसवलं. थर्मामीटर बघायचा, ऊब वाढली की बल्ब बंद, उतरली की चालू. पाळ्या मानाच्याच क्रमाने: आधी काका, मग पाटील, मग हेडमास्तर, मग दुसरं घर. रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही; तोवर काका अंडी शालीत घेऊन पोटाशी धरून बसले होते. हलायची सोय नव्हती.

त्या कंप्युटरचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला उजाडतो. या वेळी बटण काकूने दाबलं, टोपी नाही, फोटो नाही. उत्तर आलं: याच्या जागी पंख्याच्या रेग्युलेटरमधला साधा भाग चालेल. मला हसावं की रडावं कळेना.

"दुकानात पडलेत की चिक्कार," मी उठत म्हणालो.

"असू दे," काकू म्हणाली आणि काकांच्या खोलीकडे बोट केलं. "त्यांच्याच पंख्याचा काढ. पहिला मान त्यांचा." अंडी अजून काकांच्या पोटाशी होती.

पिल्लं निघाली, सगळी नाही, पण बरीच. चिवचिव ऐकून काका टोपी घालून आले आणि पेटीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबले.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं. स्वतःच्या घरात त्यांनी असं विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पाय धुवून या," काकू म्हणाली.