पदराआडचं बोलणं

माझ्या जेठांना ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. खरं तर मला शेवटी कळायला हवं होतं, कारण तोवर मी त्यांच्याशी एकदाही समोर उभी राहून बोलले नव्हते.

जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या खानदेशात धाकट्याची बायको जेठासमोर तोंड उघडं ठेवत नाही. पदर पुढे ओढायचा, त्यांच्या वाटेत यायचं नाही, काही सांगायचं झालं तर नवऱ्याकरवी सांगायचं. नवरा घरात नसला तर भिंतीला सांगायचं. ‘चहा झालाय म्हणावं.’ ‘भाकरी झाकून ठेवलीय म्हणावं.’ कुणी कुणाला म्हणावं, ते विचारायचं नसतं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

गावाकडच्या घरात हे निभतं. तिथं मागचं दार असतं, गोठा असतो, अंगण असतं. इथं सुरतेत, उधन्याला आमची एक खोली आणि पुढे ओटा. मी सातवीत शाळा सोडली, पुढे लग्न झालं, आणि या खोलीत आले तेव्हा पदराच्या आत मी रडायचेसुद्धा, कुणाला दिसायचं नाही. लोक म्हणतात, काय ते जुनं. पण एवढ्याशा खोलीत माझी स्वतःची म्हणावी अशी जागा तेवढीच होती. आणि जेठांनीही त्यांच्या बाजूनं सगळं पाळलं. खोली त्यांची, गॅस त्यांचा, नवऱ्याला कामाला लावलं तेही त्यांनीच. पण मी आले त्या दिवशी स्वतःचं अंथरूण उचलून ते ओट्यावर गेले, ते गेलेच. आत यायचं तर आधी खाकरायचे, नजर कायम फरशीकडे. जेठाणी गावी सासूबाईंजवळ राहायची. या माणसाचे उपकार मी कधी तोंडानं मानू शकले नाही. बोलायची सोयच नव्हती.

दोघे भाऊ लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात. कारखान्याला इकडे खातंच म्हणतात. लूम सुरू असली की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. घरी आल्यावरही ती सवय जात नाही. गल्लीच्या या टोकाचा त्या टोकाच्याशी नुसते ओठ हलवून बोलतो आणि दोघे खदाखदा हसतात. मला सुरुवातीला वाटायचं, ही माणसं खुळी झालीत की काय.

त्यामुळे जेठांचं कुणाला कळलं नाही. समोरून बोललेलं ते बरोबर ओळखायचे. पण मी पदराआडून, दाराआडून बोलायची. माझे ओठ त्यांना कधी दिसलेच नाहीत. गेल्या वर्षापासून ‘चहा झालाय म्हणावं’ म्हटलं की ते नुसते बसून राहायचे आणि चहा गार व्हायचा. मला वाटलं, माझं काही चुकलं, रागावलेत. मग लक्षात आलं की गावाहून फोन आला की ‘घे रे, बोल’ म्हणून ते तो नवऱ्याच्या हातात देतात. आणि एकदा माझ्या हातून मोठी परात सुटली. समोरच्या घरातली बाई ‘काय पडलं गं?’ म्हणत बाहेर आली. जेठ माझ्याकडे पाठ करून ओट्यावर टॉवेलची घडी घालत होते. घडी घालतच राहिले.

मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला.

“दादाला? कालच अर्धा तास बोललो त्याच्याशी.”

“समोर बसून ना?”

“मग काय पाठ करून बसू? तू पदरात पुटपुटतेस, ते देवालाही ऐकू जायचं नाही.”

“मी परात पाडली तरी...”

“परात पाडलीस? चेपली काय?”

त्याच्या हसण्याचं मला काही नव्हतं. मला भीती होती ती वाटेची. आमच्या गल्लीच्या शेवटी रेल्वेची भिंत आहे, पलीकडे रूळ, रुळांपलीकडे खातं. भिंतीला लोकांनी भगदाड पाडलंय. रेल्वेवाले बुजवतात, लोक पुन्हा फोडतात. पावसाळ्यात पलीकडचं खाडीचं काळं पाणी त्याच भगदाडातून गल्लीत शिरतं, तेव्हा सगळे भिंतीच्या नावानं बोंबलतात, आणि पाणी ओसरलं की पुन्हा तिथूनच कामाला जातात. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा. जेठ रोज भगदाडातून जायचे. गाडी येतेय हे कळायला बाकीच्यांना कान होते.

मी घरी बसून साड्यांचे धागे कापते. त्या दिवसांत गाडीचा भोंगा वाजला की कात्री थांबायची. भोंगा विरेपर्यंत मी श्वास धरून बसायची, मग पुन्हा धागा. समोरच्या बाईला विचारलं, जेठांशी एकदा नीट बोलले तर? ती आमच्याच तालुक्यातली. म्हणाली, “तोंड उघडून? बाई गं, तू इथं पदर वर केलास की संध्याकाळच्या फोनवर तिकडे सासूच्या कानात.” गल्लीतली निम्मी घरं आमच्याच बाजूची. ती खोटं बोलत नव्हती.

एका सकाळी नवरा आधीच गेला होता. जेठ डब्यासाठी दारात उभे राहिले. मी डबा पुढे केला आणि पदराआडून म्हटलं, “पुलावरून जावं म्हणावं.” त्यांनी डबा धरला. “पटरीवरून जाऊ नये म्हणावं.” काहीच नाही. मग मी पदर मागे सारला. तोंड उघडं ठेवून म्हटलं, “दादा, पुलावरून जा.”

त्यांनी बघितलंच नाही. मला सुचेना काय करावं. ते त्यांच्या सवयीनं फरशीकडे बघत होते. मी उघडी पडले होते आणि ते मात्र मर्यादा पाळत होते. त्यांना हात लावून हलवणं तर शक्यच नव्हतं. मग मी डबा सोडलाच नाही. त्यांनी ओढला, मी घट्ट धरला. पुन्हा ओढला. तेव्हा त्यांनी दचकून वर बघितलं.

“तुम्हाला ऐकू येत नाही,” मी सावकाश म्हटलं. “पटरीवरून जाऊ नका.”

त्यांचा चेहरा पडला. मग ते बोलले, गरजेपेक्षा फार मोठ्यानं. “कुणाला सांगितलंस?”

“ह्यांना. ते हसले.”

“हसू दे. आईला सांगू नको. गावी बोलावून घेईल. तिथं मी काय करू?”

“नाही सांगत. पण पुलावरून.”

त्यांनी मान हलवली. समोरची बाई झाडू हातात धरून उभी होती. मी पदर ओढून आत गेले.

सासूबाईंचा फोन आलाच. “सुरतेचं वारं लागलं म्हणे.” मी हो ला हो केलं. कारण सांगितलं असतं तर जेठांना दिलेला शब्द मोडला असता. नवऱ्याला पुढे पटलं, कारण त्यानं स्वतःच एकदा पाठीमागून हाक मारून बघितली. त्या रात्री तो जेवला नाही.

आता सकाळी दारापाशी मी तेवढ्यापुरता पदर मागे घेते. आम्हाला दोघांनाही अजून सवय नाही. ते माझ्या ओठांकडे बघतात आणि लगेच नजर काढतात, इतक्या लगेच की माझं वाक्य अर्धंच राहतं. ते निघाले की मी गच्चीवर जाते. तिथून पुलाचा जिना दिसतो. ते चढताना दिसले की खाली येऊन कात्री हातात घेते.

पण येताना अंधार असतो, गच्चीवरून काही दिसत नाही. काल मी म्हटलं, “जातानाच नाही, येतानाही पुलावरूनच या.” ते “हो हो” म्हणाले. नजर त्यांनी नेमकी कुठल्या शब्दावर काढली, ते मला कळलं नाही.