मोजणाऱ्या बाईंचा हात

टिपणबाईंनी ती नोटीस स्वतःच्या हाताने टाइप केली. सोसायटीच्या सभांची टिपणं त्या घ्यायच्या, म्हणून टिपणबाई. सभेची नोटीसही बावीस वर्षं त्याच टाइप करत आल्या होत्या, त्यामुळे यंदा दुसऱ्या कुणाकडे द्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. विषय क्रमांक चार असा होता: ‘ज्या रहिवाशांच्या वागण्याचा इतरांना त्रास होतो, त्यांनी आवारात थांबू अथवा फिरू नये, आवार केवळ जाण्यायेण्यापुरतं वापरावं.’

नाव कुणाचंच नव्हतं. चाळीस घरांच्या त्या इमारतीत या वर्णनात बसणारा माणूस मात्र एकच होता, आणि तो पलीकडच्या खोलीत बसून चहाची वाट बघत होता. टिपणबाईंचा धाकटा भाऊ. वाक्यात एक स्वल्पविराम चुकला होता. बाईंनी तो दुरुस्त केला, कारण हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

बाई कोर्टात लघुलेखक होत्या. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. न्यायाधीश बोलायचे, बाई लिहायच्या, मग टाइप करायच्या. ‘मूलभूत हक्क’ हे दोन शब्द त्यांच्या बोटांखालून किती वेळा गेले असतील याची गणती नाही. मनगटं कायमची धरलेली. माणूस दिवसभर ज्या मालात हात घालतो, त्याची त्याला किंमत राहत नाही. मिठाईवाला घरी जाऊन मिठाई खात नाही, तसंच हे. हक्क म्हणजे फायलीतला मजकूर, एवढंच त्यांच्या डोक्यात उरलं होतं.

धाकटा पूर्वी नकाशे काढायचा. त्याची रेघ इतकी नेमकी की साहेब लोक बघायला यायचे. मग डोक्याने दगा दिला आणि दोन वर्षं इस्पितळात गेली. घरी आणला तेव्हा डॉक्टरांनी बाईंना बजावलं, “गोळ्या देतोच आहे, पण याला रोज चालवा. चालणं सुटलं तर पुन्हा इकडेच आणावं लागेल.” तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, तो रोज संध्याकाळी आवारात चाळीस फेऱ्या मारायचा आणि प्रत्येक फेरी मोठ्याने मोजायचा. बाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. तेवीस, चोवीस. आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक आहे.

तक्रार एवढीच, की चौथ्या मजल्यावरचं बाळ त्या आवाजाने दचकून उठायचं. आणि एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या पाठीमागून तो “चौदा!” म्हणाला, तेव्हा त्यांच्या हातून भाजीची पिशवी पडली होती. टोमॅटो त्यानेच गोळा करून दिले, पण वहिनी ते सोडून बाकी सगळं सांगत फिरल्या.

“ताई, वैयक्तिक काही नाही हं,” अध्यक्ष जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, बोलणं मवाळ. दुखणार नाही असं सांगून दाढ काढायची त्यांना सवय होती. “लोकांची मागणी आली, मी विषय ठेवला. शेवटी बहुमत म्हणेल ते.”

बाई “बरं” म्हणाल्या. कोर्टात जावं असं एकदा मनात आलं खरं. पण कोर्ट त्यांना आतून माहीत होतं. एका माणसाने आपल्याच घराचं दार उघडं ठेवण्याचा हक्क मागितला होता, आणि तो अकरा वर्षांनी जिंकला. निकाल बाईंनीच टाइप केला होता. तोवर त्याचं घरही नव्हतं आणि तोही नव्हता. अकरा वर्षं थांबा, असं भावाच्या पायांना कोण सांगणार? नुसत्या विचारानेच बाईंना थकवा आला.

सभा रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. बाईंचं घर पार्किंगच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर. धाकटा खिडकीशी बसला होता हे त्यांना ठाऊक होतं.

मतदानाची रीत ठरलेली होती. अध्यक्ष “हात वर करा” म्हणायचे, बाई उभ्या राहून मोजायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायच्या. दुसरं कुणी मोजत नसे. बाईंचा आकडा म्हणजे आकडा. बाईंच्या एका हातात वही, दुसऱ्यात पेन्सिल, त्यामुळे त्यांचा स्वतःचा हात बावीस वर्षांत कधी वर गेला नव्हता. हे कुणाला खटकलं नाही. बाईंना तर नाहीच.

नाही म्हणायला, एकदा खटकलं होतं. सहा वर्षांपूर्वी एक परिचारिका भाड्याने राहायला आली होती, एकटीच. एकट्या भाडेकरूंकडे संध्याकाळी सातनंतर पाहुणे येऊ नयेत असा ठराव आला. तिची ड्यूटीच सातला सुटायची. सगळे हात वर गेले आणि बाईंनी लिहिलं, ‘एकमताने मंजूर’. दोन महिन्यांनी घर सोडून सामान खाली नेताना तिने जिन्यात विचारलं, “बाई, तुमचं काय मत होतं?”

“मी मोजत होते,” बाई म्हणाल्या होत्या.

ती हसली आणि गेली. ते हसू बाईंच्या मनातून काही गेलं नाही.

विषय चार आला. वहिनींनी टोमॅटो सांगितले. बाळाची आई म्हणाली, “मला कुणाचं वाईट करायचं नाही हो, पण मी महिनोन्महिने झोपले नाहीये.” तिच्या डोळ्यांखाली खरोखर काळं होतं. बाईंना तिचा राग येईना, आणि आला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर उठले. “हे मताला टाकायचंच कशाला? माणसाने आपल्या दारात चालायचं की नाही हे शेजारी ठरवणार?”

“मास्तर, लोकशाही आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“मग उद्या माझा खोकला घ्या मताला. सगळ्या मजल्यांवर ऐकू जातो.”

लोक हसले. मास्तर नाही हसले. ते खाली बसले आणि नेमका तेव्हाच त्यांना खोकला आला.

“ठरावाच्या बाजूने हात वर करा.”

बाई उठल्या. अठरा. पुन्हा मोजलं, अठराच. एक कमी सांगितला असता तरी कुणी हरकत घेतली नसती. बाईंनी मोठ्याने सांगितलं, “अठरा.”

“विरोधात?”

मास्तर, तळमजल्यावरचा शिंपी, आणि ज्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती असे काहीजण. सतरा. चार जणांनी दोन्ही वेळा हात मांडीवर ठेवले होते आणि ते पंख्याकडे बघत होते. बाईंनी वही खुर्चीवर ठेवली. पेन्सिल वहीवर ठेवली. आणि हात वर केला.

“अठरा,” त्या म्हणाल्या.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग वहिनी म्हणाल्या, “पण टिपणबाई कधी मत देत नाहीत!”

“तसं नियमात नाहीये,” बाई म्हणाल्या. “नियम मीच टाइप केलेत.”

सम-समान मतं पडली की अध्यक्षांचं मत निर्णायक. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, बाळाच्या आईकडे पाहिलं, मग खुर्चीवरच्या त्या वहीकडे पाहिलं. बाईंनी उद्या काम सोडलं तर हे सगळं कोण लिहिणार, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं काही सांगवत नाही. “विषय पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तहकूब,” ते म्हणाले. एका माणसाचा चालण्याचा हक्क वाचला तो इतरांना टाइप करायचा कंटाळा म्हणून, आणि तोही एका वर्षापुरता. बाईंनी वही उचलली आणि ‘तहकूब’ लिहिलं.

वर गेल्या तेव्हा धाकटा तिथेच होता.

“ताई, मी जाऊ ना खाली?”

“जा की. आपण जिंकलो.”

“आणि पुढच्या वर्षी?”

बाई वही कपाटात ठेवायला वळल्या. “मला कुणी बोलावलंच नाही,” तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. घर बाईंच्या नावावर, सभासद त्या. त्याचा हात मोजायचा असतो हे बाईंनाही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी तो खाली गेला. बाईंनी पातेलं चढवलं आणि सवयीने कान दिला. काहीच ऐकू येईना. गॅस बंद करून त्या खिडकीशी धावल्या. तो चालत होता, नेहमीच्याच वाटेने, पण भिंतीला अंग चोरून. फक्त ओठ हलत होते. चौथ्या मजल्याकडे एकदा बघायचा, मग पुढे. नऊ वर्षांचा तो आवाज एका सकाळीत आत गेला होता, आणि त्याविरुद्ध हात वर करायची सोय कुठल्याच नोटिशीत नव्हती.

“अरे, किती झाल्या?” त्यांनी वरून हाक मारली.

तो थांबला. सगळ्या खिडक्यांवरून त्याने नजर फिरवली. मग काही न बोलता त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि बोटं ताणून दाखवली.

बाईंनी मोजली. सात.